वाघाकडे तोंड करून

माझी नात सध्या मुलांना दीन, म्हणजे धर्म, शिकवायचं प्रशिक्षण घेते आहे. तेही मोबाइलवर. दुपारची जेवणं झाली की कानात बोंडं घालून लोखंडी पलंगावर मांडी ठोकते आणि मधूनच ऐकलेलं एखादं वाक्य माझ्याकडे भिरकावते. परवा म्हणाली, "नानी, आज सांगितलं की मुलांकडून नुसते मसले पाठ करून घेऊ नका. त्यांना बाहेर न्या, करू द्या, चुकू द्या. तू तर हे कधीपासून करते. तुला कोणी शिकवलं?"

"वाघानं," मी म्हणाले.

तिला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी थट्टा करते आहे. मग किबला, म्हणजे नमाजीची दिशा, दाखवणारा बाण मला दाखवायला म्हणून तिनं मोबाइल पलंगावर ठेवला, तर बाण गरगर फिरायला लागला. एकदा सैपाकघर, एकदा न्हाणी, एकदा शेजारच्यांचा गोठा. "लोखंडावर ठेवलं ना गं," मी म्हणाले, "उचल." तिनं उचलला. पण त्या बाणाचं गोंधळलेलं नाचणं बघून मला एक बाई आठवली, आणि हसू आवरेना. ती बाई म्हणजे मीच. नुकतं लग्न झालेली, कडक इस्त्रीची ओढणी घेणारी, सगळं माहीत असलेली.

मी वरोऱ्याची. कापसाच्या गाड्यांच्या गर्दीत वाढलेली, मॅट्रिक झालेली, कुराण पूर्ण वाचलेली. शिवाय मसल्यांचं, म्हणजे धर्माच्या नियमांचं, एक जाडजूड पुस्तक मला जवळजवळ तोंडपाठ होतं. मॅट्रिक झालेल्या बायका तेव्हा कमी आणि मसले पाठ असलेल्या त्याहून कमी, त्यामुळे माझी मान जरा वरच असायची. लग्न होऊन आले ती सावलीच्या पुढं, वैनगंगा ओलांडून, धानाच्या बांध्यांमधल्या एका गावात. गावात आपली घरं मोजकी. लहानशी मशीद होती, तिथं मौलवीसाहेब मुलांना शिकवायचे. मुलींना कोणी नव्हतं. मी सासऱ्यांना विचारलं, आणि आमच्या पडवीत दुपारचा मुलींचा मदरसा सुरू झाला.

मी मुलींना मला "आपा" म्हणायला लावलं. हातात एक छडी असायची. मारण्यासाठी नव्हती ती, नुसती शोभेला. बोलायच्या आधी मी खाकरायचे. आमच्या वरोऱ्याचे हेडमास्तर तसे खाकरायचे.

"वजूचे फर्ज किती?"

"चार," सगळ्या एका सुरात. नमाजीआधी हात-तोंड-पाय धुण्यातल्या चार सक्तीच्या गोष्टी.

"तयम्मुम, म्हणजे मातीनं वजू, कधी करायचं?"

"पानी नसन तवा."

पाणी नसेल तेव्हा. आणि बाहेर वैनगंगा गावात शिरायला टपलेली, बांध्या तुडुंब, पडवीच्या पत्र्यावरून धारा. पण मला त्याचं काही वाटायचं नाही. उत्तर बरोबर आलं ना, झालं.

किबल्याचा प्रश्न मात्र अडला. मक्का आपल्याकडून पश्चिमेला, हे सांगितलं. पण "पश्चिम दाखवा" म्हटलं की कोणी गोठा दाखवायची, कोणी विहीर. मला चिकाटी नव्हतीच. अब्बांनी दिलेलं काब्याच्या चित्राचं एक कॅलेंडर मी पडवीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला टांगलं आणि सांगून टाकलं, "तोंड कॅलेंडरकडे." त्या दिवसापासून माझ्या मुलींची ओळ पट्टीनं आखल्यासारखी उभी राहायला लागली. एखादी जराशी तिरपी असली की मी तिला मागून दोन्ही खांद्यांना धरायचे आणि वळवून सरळ करायचे. ती ओळ बघून मला इतका अभिमान वाटायचा की नमाजीपेक्षा ओळीकडेच माझं जास्त लक्ष.

त्या मुलींमध्ये एक चुडीवालीची नात होती. दहा-अकराची असेल. बाप ट्रकवर, महिनोन्‌महिने बाहेर. आई बाळंतपणात गेलेली. पोरीला दादीनंच वाढवलं. दादी डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन बाजार करायची, जंगलातल्या गोंडांच्या गावांनाही जायची. तोंडाची फटकळ. तिला पोरगी टोपली उचलायला संगं हवी होती. पोरीला कुराण पूर्ण करायचं होतं. शेवटचे थोडेच पारे, म्हणजे भाग, उरले होते, आणि ती वाचायची तेव्हा ओठ असे हलायचे की जणू गरम भात फुंकून खाते आहे. दादी तिला पाठवायची, पण मनातून नाही. "वाचून का बांगड्या भरता येते?" असं येता-जाता ऐकवायची.

त्या उन्हाळ्यात सावलीला आमच्या नात्यात लग्न होतं. माझ्या सगळ्या मुली आल्या होत्या. दादीही होती, नवरीच्या बांगड्या भरायला. दुपारी जोहरची वेळ झाली तेव्हा मी सैपाकघरात बायकांना पुलावाबद्दल सल्ले देत होते. मला पुलाव येत नव्हता. एवढ्यात माझ्या मुलींनी आपल्या मनानं ठरवलं की आता आपण नमाज पढू. बायकांनी कौतुकानं एक खोली रिकामी करून दिली, सतरंज्या टाकल्या. मी वजू करून ओल्या हातांनी आत आले, तो समोर माझी ती पट्टीनं आखलेली ओळ. एकही तिरपी नाही. माझा ऊर भरून आला. कोणीतरी बघत असेल, या आशेनं मी मागं उभी राहिले आणि हात बांधले.

नमाज झाली. सलाम फिरवला. उजवीकडे मान वळवली तर दाराशी नवरीची मामी पदर तोंडात धरून उभी.

"बाई," ती म्हणाली, "काही वाईट मानू नोको. पन किबला इकडं हाय." आणि तिनं आमच्या पाठीमागं बोट दाखवलं. "सांगाले आली तं तुमी सजद्यात. नमाजीत कसं टोकाव माणसानं?"

मी समोर बघितलं. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. बियाण्याच्या दुकानाचं. त्यावर पाणवठ्याशी बसलेला, जबडा उघडा टाकलेला, चांगला ऐसपैस वाघ.

माझ्या मुलींनी माझंच ऐकलं होतं. खोलीत शिरल्यावर त्यांनी कॅलेंडर शोधलं आणि त्याच्याकडे तोंड केलं. काबा असो की वाघ, आपांनी कॅलेंडर सांगितलं होतं.

हसू पसरायला वेळ लागला नाही. सैपाकघरातून पडवीत, पडवीतून मांडवात. पुरुषांच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं, "सावलीच्या जंगलातला वाघ आता नमाज घेऊन राह्यला." परतीच्या वाटेवर बैलगाडीत माझा नवरा इतका वेळ गप्प होता की मला वाटलं रागावला आहे. नदी आली तेव्हा म्हणाला, "मंग? दुवा कबूल झाली म्हनते का वाघ?" आणि मग जो हसत सुटला तो गाव येईपर्यंत.

दादी हसली नाही. बांगड्या भरताना तिनं ते सगळं दारातून बघितलं होतं. गाडीतून उतरताना ती सगळ्यांसमोर मला म्हणाली, "बहू, पोट्टी मी तुह्याकडं अल्लाचं शिकाले धाडली. वाघाले सजदा कराचं मले बी शिकवता येते." आणि दुसऱ्या दिवशी पोरगी मदरशात आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

बाकीच्या मुली आल्या. कॅलेंडर मी काढून टाकलं होतं. छडी अजून होती, पण खाकरणं कमी झालं होतं.

मग एकदा विहिरीवर ती पोरगी भेटली. घागर बाजूला ठेवून जवळ आली.

"आपा, ते वाघावाली नमाज झाली का?"

"नाही झाली. किबला चुकला तर नमाज होत नाही. घरी फिरून पढून घे."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "मी त्या नमाजीत मांगलं होतं. दादीची टोपली लवकर रिकामी झाली पायजे, मंग मले तुमच्याकडं येवाले भेटन."

"परत माग," मी म्हणाले. पुस्तकातला नियम बरोबर होता. मी बरोबर होते. ती घागर उचलून गेली, आणि मी दोर हातात घेऊन विहिरीत बघत उभी राहिले, पाणी काढायचं विसरून.

तिच्या घरी मी गेले तेव्हा दादी दारात बांगड्यांच्या माळा निवडत होती. हिरव्या एका बाजूला, टिचक्या एका बाजूला. मी विनवण्या केल्या, थोडंसं भाषणही केलं, मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व वगैरे. ती ऐकत होती. भाषण संपल्यावर म्हणाली, "धानाचे रोवने आटोपले. आता पोळ्यापर्यंत गावोगावच्या बायका बांगड्या भरते. मले टोपली उचलाले दुसरं मानूस नाई. तुले पोट्टीले शिकवाचंच असन तं चाल संगं. रस्त्यानं शिकव."

तिला वाटलं असणार, ही कुठली येते. मलाही तसंच वाटलं. पण तोंडातून निघून गेलं, "येते."

सासऱ्यांनी परवानगी दिली. सायकलचं दुकान होतं त्यांचं. पान्यानं चाकाचा नट आवळत खालीच बघत म्हणाले, "जा. पन वाघ भेटला तं कॅलेंडरवाला हाय का असली हाय, पाहून घेजो."

तर असा माझा मदरसा रस्त्यावर आला. बाजाराच्या दिवशी आणि अधल्या-मधल्या फेऱ्यांना मी त्या दोघींबरोबर जायला लागले. पोरगी टोपलीची एक कडी धरायची, मी दुसरी, दादी पुढं हातातली माळ वाजवत. चालता-चालता पोरगी पाठ म्हणायची, मी दुरुस्त करायचे. माझी वरोऱ्याची चप्पल पहिल्याच फेरीत चिखलात गेली. दादीनं वळूनही बघितलं नाही. "सोडून दे, मेली ते," म्हणाली.

पाठ म्हणणं तेच होतं, पण आता मधे-मधे काहीतरी यायचं. वजूसाठी नाल्यावर थांबलो तर पोरगी विचारायची, गढूळ पाण्यानं चालते का. कोणी गोंडाची बाई ओसरीत बसवून काळा चहा द्यायची, तर पोरगी कानात कुजबुजायची, यांच्या घरी नमाज पढता येते का. पुस्तकात असायचं उत्तर, पण पुस्तक घरी आणि बाई समोर उभी. एकदा तशा बाईनंच अंगण झाडून जागा करून दिली आणि आपल्या लेकरांना दटावलं, "चूप बसा, ते देवाशी बोलून राह्यली." देवाशी बोलून राहिली. मी तर रकाती, म्हणजे नमाजीचे टप्पे, मोजत होते. निघताना दादीनं तिला जोहार केला आणि तिच्या लहानीच्या हातात दोन बांगड्या फुकट चढवल्या, कपाळाला आठ्या घालून, कोणी बघितलं तर बदनामी होईल अशा घाईनं.

आणि मग तो दिवस आला. पोळा जवळ आला होता. आभाळ कितीतरी दिवस उघडलं नव्हतं, सूर्य कसा दिसतो ते विसरायची वेळ आली होती. आतल्या एका गावात बांगड्या चांगल्या खपल्या, टोपली अर्ध्यावर आली. परतताना नेहमीच्या नाल्याला पूर होता. गावकऱ्यांनी वरच्या अंगानं जंगलातली दुसरी पाऊलवाट सांगितली. ती वाट दादीच्याही पायाखालची नव्हती. सागाची दाट झाडी, पानांवरून टिपटिप पाणी. वाट इकडे वळायची, तिकडे वळायची, एका ठिकाणी तर आम्ही आलो तिकडेच परत चाललो आहोत असं वाटलं. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजीची, वेळ टळायला आली होती.

"थांबा," मी म्हणाले. "नमाज इथंच पढू."

"पढा," दादी टोपली खाली ठेवून एका बुंध्याला टेकून बसली.

"किबला कुठं?" मी विचारलं. दादीला विचारलं. पहिल्यांदाच कोणाला तरी विचारलं.

"मले काऊन विचारते? वाट गावाले जाते, तेवढं मले पुरे. दिशा कोन पायते."

मी आभाळाकडे बघितलं. सगळीकडे सारखाच राखाडी उजेड. झाडाच्या ज्या अंगाला शेवाळ ती उत्तर, असं शाळेत शिकवलं होतं. मी एक साग बघितला, दुसरा बघितला. आमच्याकडच्या पावसात शेवाळ चारी अंगांनी असतं. मग मला भूगोल आठवला. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. मी बोट ओलं करून वर धरलं. वारा गालाला लागला. झालं, ठरलं.

"इकडं," मी आलो त्या वाटेकडे बोट दाखवलं.

पोरगी हलली नाही. तिचं तोंड दुसरीकडे होतं, बरोबर उलट, वाट जिकडे पुढं जात होती तिकडे.

"आपा, माझं मन इकडं जाऊन राह्यलं."

"का?"

"घर इकडं हाय. अन् मक्का घरून बी पुढं हाय."

"वाट वळते गं. घर इकडंच कशावरून?"

"मालूम नाई. पन मले इकडं वाटून राह्यलं."

माझे हात उठले होते. तिच्या खांद्यांना धरायला, सवयीनं. आणि त्याच क्षणी मला तो मसला आठवला जो मी पडवीत कितीदा तरी म्हणवून घेतला होता. विचारायला कोणी नसेल, खूण कळत नसेल, तर नीट विचार करावा, मन जिकडे लागेल तिकडे तोंड करावं, आणि नमाज पढावी. ती नमाज होते. नंतर दिशा चुकलेली निघाली तरी होते. आणि दुसरा माणूस त्याच्या मनाविरुद्ध आपल्या दिशेनं उभा करता येत नाही. ज्याचं मन त्याचं तोंड.

मुली हा मसला फार छान म्हणायच्या. एका सुरात.

मी हात खाली घेतले. "ठीक आहे," मी म्हणाले. "तू तुझ्या दिशेनं. मी माझ्या."

"वेगवेगळं चालते?"

"चालतं."

"लवकर करा," दादी बुंध्यापाशी म्हणाली. "नाई तं असली वाघ येईन, अन् मंग तो कोन्या भिंतीवर हाय ते पाहत बसाल."

ओल्या पानांवर आम्ही उभ्या राहिलो, एकमेकींकडे जवळजवळ पाठ करून. आजूबाजूला भिंत नव्हती, ओळ नव्हती, मागून कोणी बघणारं नव्हतं. होती ती दादी, आणि ती बांगड्या मोजत होती. मी हात बांधले आणि लक्षात आलं की मला खरंच माहीत नाही मी कुठं बघते आहे. वाऱ्यावर माझा म्हणावा तेवढा भरवसा नव्हता. पाठ केलेले शब्द तोंडातून निघत होते. सरळ रस्ता दाखव, असं मी दर नमाजीत कितीदा तरी म्हणत आले होते. त्या दिवशी ते म्हणताना मला रस्ता पाहिजे होता. सजद्यात कपाळाला गार पान चिकटलं, मातीचा वास आला, आणि मला वाटलं, ज्याला विचारते आहे त्याला तर ठाऊक आहे मी कुठं आहे.

हे मी आज इतकं छान लिहिते आहे, पण त्याच सजद्यात एक लाल मुंगी माझ्या ओढणीत शिरली आणि मानेला कडकडून चावली. उरलेली नमाज मी मान वाकडी करून पढली. दादीनं नंतर सगळ्या गावाला करून दाखवलं, आपा कशा डोलत होत्या ते.

सलाम फिरवला तेव्हा पोरगी अजून सजद्यात होती. मी वाट बघत बसले. मी तिला कधीच असं बघितलं नव्हतं, ओळीबाहेर. तिची टाच चिखलानं भरलेली, परकर ओला, आणि ती कोणाला तरी काहीतरी सावकाश सांगत होती.

मग आम्ही टोपली उचलली आणि वाट पुढं नेईल तिकडे चालायला लागलो. झाडी विरळ झाली, बांध्या दिसायला लागल्या, आणि एकदम आम्ही सडकेवर आलो. समोर आभाळाच्या बुडाशी ढगांची एक पट्टी फाटली होती. त्या फटीतून लाल उजेड सांडत होता, धानाच्या पाण्यावर, दादीच्या तोंडावर, टोपलीतल्या काचेवर. सूर्य बुडत होता. आमच्या अगदी समोर.

आम्ही तिघी थांबलो. हिशोब करायला फार अक्कल लागत नव्हती. वाट ज्या दिशेनं पुढं आली ती पश्चिम. पोरीनं वाटेच्या पुढं तोंड केलं होतं. मी मागं.

"म्हंजे पोट्टी बरोबर," दादी सावकाश म्हणाली, "अन् तू चुकली. पुन्हा."

"हो."

"वाघ नसताना बी चुकली."

"हो, दादी."

पोरगी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, काळजी होती. "मंग आपा, तुमची नमाज फिरून पढाची का?"

"नाही. विचारायला कोणी नव्हतं, मी विचार करून तोंड केलं होतं. झाली माझी."

तिनं टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "वाघावाल्या दिवशी आम्ही बी इचारूनच तोंड केलं होतं. इचाराले आमच्याजवळ तुमीच तं होत्या."

दादीला असं हसू आलं की तिच्या हातातल्या माळा खळखळायला लागल्या. सडकेवर बसली खाली. डोळ्यांना ओढणी लावून हसत राहिली. मशिदीतल्या मौलवीसाहेबांना मी पुढं हे विचारलं तेव्हा ते दाढीतल्या दाढीत हसले आणि म्हणाले, "मुलींचं अल्लावर सोपवा. तुमचं मात्र स्पष्ट आहे." पण त्या दिवशी सडकेवर मी माझ्यापुरता निकाल लावला.

"तुमची झाली," मी पोरीला म्हणाले. "तू मागितलंस तेही पोचलं असेल. माझी राहिली, तुला फेडायला सांगून मीच फेडली नाही. मी समोर न बघता उभी राहिले, तिथं विचारायला घरभर बायका होत्या."

"मंग कवा फेडते?" दादीनं विचारलं.

"घरी गेल्यावर."

"घरी काऊन? इथी वाघ बी नाई, कॅलेंडर बी नाई. सूर्य बुडाला की पढ. मगरिब बी पढ, ते बी फेड. मी बसतो."

उजेड मावळला. सडकेच्या कडेला दादीनं आपली ओढणी अंथरली. मी उभी राहिले, आणि कोण जाणे का, लाल आभाळ समोर असतानाही मला पाय नीट जुळवता येईनात. जरा तिरपी झाले असेन. मागून दोन लहान हात माझ्या खांद्यांवर आले. त्यांना चिखलाचा आणि नाल्याच्या पाण्याचा वास होता. त्यांनी मला हळूच वळवलं. सरळ केलं. मग ते हात बाजूला झाले आणि ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

आज ती कोरपन्याला असते, तिला नातवंडं आहेत. सिमेंट कारखान्याची पांढरी धूळ बसलेल्या अंगणात मुलांना घेऊन बसते. कुराण तिनं त्याच हिवाळ्यात पूर्ण केलं, आमच्या पडवीत. फोन आला की अजून आधी विचारते, "आपा, कोनीकडं तोंड करून बसल्या?"

पण मला तुम्हाला सांगायची होती ती त्या संध्याकाळची शेवटची गोष्ट. नमाज झाली, अंधार पडायला लागला, दादी गुडघ्यावर हात टेकून उठली. ओढणी झटकली, खांद्यावर टाकली.

"उद्यापासून पोट्टी येईन तुह्याकडं," ती म्हणाली. "दुपारी. पन बाजाराच्या दिवशी तू बी येजो."

"येईन."

"अन् तिचं तोंड जिकडं होईन तिकडं होऊ देजो. आज तू हात उचलला होता, मी पाहत होतो. मंग खाली घेतला. म्हनून पाठवून राह्यलो."

मग ती पुढं चालायला लागली, आणि वळून म्हणाली, "टोपली उचल. उभी काऊन हाय?"

मी टोपली एकटीनं डोक्यावर घेतली. गाव येईपर्यंत तीनदा तोल गेला आणि हिरव्या बांगड्यांची एक अख्खी माळ फुटली. ती पोळ्याआधी माझ्याच हातात भरायची असं दादीनं ठरवलं होतं, असं ती नंतर सगळ्यांना सांगायची. मला खात्री आहे की हे ती माळ फुटली त्याच क्षणी रचत होती.